कान्हेरीचा म्हातारा आणि संत जोसाफात

श्रोतेहो, नमस्कार. वांद्र्याला, माहीमला कितीतरी गाड्यांत आरशाला एक पदक लटकलेलं दिसतं. खांद्यावर पोर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड माणूस. हा संत क्रिस्टोफर, प्रवाशांचा राखणदार. 1969 साली पोप सहावे पॉल यांनी चर्चची दिनदर्शिका नव्यानं लावली, तेव्हा 25 जुलैचा त्याचा सण जगभरच्या यादीतून निघाला, कारण तो मूळ रोमन परंपरेतला नव्हता. त्याच्या आयुष्याबद्दलही खात्रीचं असं फारसं हाती लागत नाही. सण निघाला, संतपद नाही. पुन्हा सांगतो, संतपद नाही. ज्या गावाला सण करायचा त्यानं करावा, अशी मुभा राहिली.

मग जो होऊन गेला की नाही याचीच खात्री नाही, त्याला गाऱ्हाणं घालावं का? माझ्या मते खुशाल घालावं. का, ते आपल्या मुंबईतल्याच एका गोष्टीवरून सांगतो.

मध्ययुगात सगळ्या युरोपला संत जोसाफात माहीत होता. हिंदुस्थानातल्या एका राजाचा मुलगा. ज्योतिष्यांनी सांगितलं, हा संसार सोडणार. बापानं त्याला महालात कोंडलं. रोग, म्हातारपण, मरण, काही म्हणता काही त्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. एक दिवस पोरगा बाहेर पडला, त्याला आजारी माणूस दिसला, म्हातारा दिसला. पुढे बार्लाम नावाचा साधू भेटला आणि राजपुत्रानं राज्य सोडलं.

ओळखलंत ना? ही आपल्या सिद्धार्थाची गोष्ट. अरबी, जॉर्जियन, ग्रीक असं करत करत ती लॅटिनमध्ये पोचली आणि या वाटेत गौतम बुद्ध ख्रिस्ती संत झाला.

आता सोळाव्या शतकात या. दियोगो दो कौतो हा पोर्तुगीज बखरकार आपल्या मुंबईच्या साष्टी बेटावर फिरत होता. कान्हेरीची लेणी बघून चकित झाला. अख्ख्या डोंगरात कोरलेली दालनं! तिथल्या एका म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, बाबा, हे कुणी केलं? म्हातारा म्हणाला, यात शंकाच नको, जोसाफातच्या बापानं. पोराला जगापासून लांब वाढवायला केलं हे. कौतोनं ते लिहून ठेवलं आणि पुढे जोडलं, की इथले लोक ज्या बुद्धाचे चमत्कार सांगतात तो हाच जोसाफात असू शकेल. युरोपातल्या पंडितांना हे पक्कं उमगायला एकोणिसावं शतक उजाडलं. कान्हेरीच्या पायऱ्यांवर ते आधीच बोललं गेलं होतं! त्या म्हाताऱ्याचं नाव कौतोनं लिहिलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

   

तर जोसाफात. या नावाचा राजपुत्र कधी झालाच नाही. पण त्याच्यापुढे गुडघे टेकणारा माणूस राज्य सोडून निघालेल्या एका खऱ्या माणसाच्या आयुष्यापुढेच वाकत होता. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेत संत स्वतः काही देत नाही, देणारा देव. संताला म्हणायचं, माझ्यासाठी शब्द टाक. शब्द टाकणाऱ्याचं नाव चुकलं म्हणून देव ऐकायचा राहतो, असं मला वाटत नाही. मुळीच वाटत नाही.

रोमच्या जुन्या संतयादीत जोसाफातचा दिवस 27 नोव्हेंबर. त्या सुमाराला हवा छान असते, कान्हेरीला जाऊन या. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. सोमवारी मात्र लेणी बंद असतात, तेवढा वार बघून निघा.