चुंबक आणि तलफ

श्रोतेहो, नमस्कार. तलफ हा शब्द आपण चहातंबाखूपुरता वापरतो. परंतु कोकेन सोडू पाहणाऱ्याला हीच तलफ पुन्हा व्यसनाकडे ओढून नेते, आणि तिच्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेले एकही औषध नाही. म्हणून आज चुंबकाविषयी बोलायचे आहे.

१९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी डोक्याबाहेर धरलेल्या, वीज सोडताच चुंबक बनणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने मेंदू उत्तेजित करून दाखवला. इंडक्शनची शेगडी पातेल्याला तार न जोडता त्यात वीजप्रवाह निर्माण करते, तसाच हा प्रकार आहे. हे शॉक देणे नव्हे. पुन्हा सांगतो, शॉक देणे नव्हे.

शॉक बसले ते उंदरांना. अमेरिकेत मेंदूसंशोधक अँतोनेल्लो बोंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळ दाबली की कोकेन मिळते, अशी सवय उंदरांना लावली आणि नंतर कळ दाबताच अधूनमधून पायाला शॉक बसेल, अशी व्यवस्था केली. बहुतेकांनी कळीचा नाद सोडला. सुमारे ३० टक्के मात्र शॉक सोसून ती दाबतच राहिले. या हट्टी उंदरांच्या मेंदूचा पुढचा, मनाला आवर घालणारा भाग मंदावलेला आढळला. तेथील पेशी प्रकाशाने जाग्या होतील अशी तजवीज करून लेझर सोडताच त्यांचे कळ दाबणे घटले. उलट, कळ सोडलेल्या उंदरांचा तोच भाग मंद केला, तेव्हा त्यांची ओढ वाढली.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाची बातमी इटलीतील पादुआ येथे, व्यसनाधीनांवर उपचार करण्यात अनेक वर्षे घालवलेल्या डॉ. लुइजी गॅलिम्बेर्ती यांनी वर्तमानपत्रात वाचली. (वर्तमानपत्र केवळ राशिभविष्यासाठी उघडणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.) माणसाच्या मेंदूत लेझर घालणे शक्य नव्हते, चुंबक मात्र बाहेरून लावता येत होते, आणि नैराश्यावरील उपचार म्हणून अमेरिकेत त्याला २००८ सालीच मान्यता मिळाली होती. त्यांनी बोंची यांच्याशी संपर्क साधला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ३२ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना डाव्या कपाळामागील भागावर चुंबकाचे स्पंद दिले गेले आणि उरलेल्यांना नेहमीची औषधे. चुंबकाच्या गटात तलफ अधिक कमी झाली.

मात्र आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे, हे त्या रुग्णांना ठाऊक होते. २०२२ साली इटलीतच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना खोटे, म्हणजे मेंदूवर परिणाम न करणारे, वेटोळे लावले गेले, आणि खरे कोणाला व खोटे कोणाला, हे रुग्णांपासून लपवले गेले. तलफ दोन्ही गटांत उतरली. खऱ्या आणि खोट्या वेटोळ्यांत लक्षणीय फरक दिसला नाही.