नवतप्यातली पाणीपाळी

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात विद्यापीठ आणि बाग यांचं नातं जुनंच. भोसल्यांची महाराजबाग आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे आणि तिच्या लगतचं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं. पण मी बोलणार आहे ते त्याहून कितीतरी लहान जागेबद्दल. विद्यापीठाच्या आवारात, वसतिगृहामागे किंवा क्वार्टर्सच्या कडेला विद्यार्थी, कर्मचारी आणि आजूबाजूची घरं मिळून भाजीपाल्याची सामाईक बाग करतात. अशा एका बागेत मीही जाते. ती उभी ठेवणारी माणसं मला तुमच्यापर्यंत पोचवायची आहेत.

या बागेची खरी अडचण कॅलेंडरची आहे. जुलैत नवी मुलं येतात, वाफे पडतात, फोटो निघतात. हिवाळ्यात तर नुसती चंगळ: वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे, वालाच्या शेंगा. मार्चमध्ये परीक्षांचं वारं सुरू होतं, मग सुट्या लागतात, खोल्या रिकाम्या होतात. आणि नेमकं तेव्हाच ऊन चढतं. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पारा ४५ च्या आसपास असताना भेंडी, चवळी आणि ढेमशाच्या वेलाला सुटी कशी देणार? बाग मेमध्ये तगली तरच जुलैत नव्या मुलांच्या हाती काहीतरी जिवंत पडतं.

मेमध्ये तिथे कोण असतं? आमचे माळीकाका असतात. सकाळी सहाच्या आत येतात, पाइपला हात लावण्याआधी वाफ्याजवळ उकिडवे बसतात. पालापाचोळ्याचं आच्छादन बाजूला करतात, बोटभर खोल माती उकरतात आणि चिमटीत दाबून बघतात. वरून फुफाटा झालेली माती खाली ओलसर निघते. ‘आज राहू द्या, उद्या देऊ,’ म्हणतात आणि पुढच्या वाफ्याकडे सरकतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. ती सतत चिंब राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि झाड बसतं. उलट पार वाळू दिली तर भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात आणि दिलेलं पाणी भेगांतून खाली निघून जातं. या दोन्हींमधली जागा त्यांच्या बोटांना कळते. एकदा एक उत्साही मुलगा भर दुपारी वेलावर पाण्याचा फवारा मारत होता. काका त्याच्यावर ओरडले नाहीत. पाइप खाली वळवून एवढंच म्हणाले, ‘बाबू, पानी मुयाले दे, पानाले नाई.’

दुसरी आहे रजिस्टर सांभाळणारी. संशोधन करणारी मुलगी आहे, स्वतःचं काम गळ्याशी आलेलं. तरी कोणाची पाळी कधी, कोण गावी गेलं, त्याच्या जागी कोण, हे सगळं ती लिहून ठेवते. भाजीच्या वाटणीवरून होणारी कुरबुर तिच्याच कानावर येते. ‘मी खुरपणी केली नाही, पण वांगी न्यायला आलो’ असं म्हणणाऱ्याला नाही म्हणणं सोपं नसतं, ती म्हणते. माझ्या मते या बागेतलं सगळ्यात अवघड काम तेच आहे.

मेसमधल्या मावश्या भाज्यांची साल, देठं वेगळ्या बादलीत ठेवतात. त्यांनी एक दिवस प्लॅस्टिक मिसळू दिलं तर अख्खा खड्डा निवडत बसावं लागेल. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर वाळल्या पानांचे दोन-तीन थर, असं खत चढतं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की कुजणं थांबतं, म्हणून मूठभर खत दाबून एखाद-दुसरा थेंब निघतो का, तेही बघावं लागतं. आणि रात्रपाळीचा चौकीदार! गायी आत शिरल्या तर तोच धावतो. त्याचं नाव कुठल्याच कमिटीत नसतं.

याचंच मला मनापासून वाईट वाटतं. कमिटीवर प्राध्यापक असतात, विद्यार्थी प्रतिनिधी असतात. रोपं कोणती लावायची, बोअरचं पाणी कुणाला किती, हे बंद खोलीत ठरतं आणि काकांना नंतर सांगितलं जातं. काका कंत्राटी असतील तर उन्हाळ्यात त्यांचं काम चालू राहील की नाही, याचीही खात्री नसते. ज्यांच्या बोटांवर बाग तगते, त्यांना बैठकीत खुर्ची हवी आणि मे महिन्याचा मोबदला आधी ठरलेला हवा. सुटीतल्या पाळ्याही परीक्षा सुरू होण्याआधी, मुलं इथे असतानाच लिहून घ्यायला हव्यात. क्वार्टर्समधली, शेजारच्या वस्तीतली माणसं मेमध्येही इथेच असतात. त्यांना फक्त भाजी न्यायला न बोलावता पाळीवर घेतलं तर अर्धा प्रश्न सुटतो.

तुमच्या घराजवळ अशी बाग असेल तर अंगणातला पाला जाळू नका, पोत्यात भरून तिथे पोचवा. नवतप्यात आच्छादनाला तो कमीच पडतो. मिरग लागला म्हणून पहिल्या सरीला बी टाकायची घाई नको, माती खोलवर भिजू द्या. मग अंबाडी आणि चवळी टाका. आणि पाणी घालायला जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत जा. तिथे कोणीतरी वाफ्याजवळ बसलेलं असेल. आज कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचं, ते त्यांना विचारा.

नमस्कार.