अर्धेलीनं कसलेली जमीन

नमस्कार, श्रोतेहो.

गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्याला लागून आमच्या गावची एक मानस आहे. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेती, ज्यांच्या घरात आहे त्यांना मानस म्हणजे काय ते सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या बांधकामात वरून टांगलेली लाकडी दारं. भरती चढू लागली की नदीचंच पाणी त्या दारांना रेटून बंद करतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि दारं उघडतात. मोटर नाही, वीज नाही. चंद्र जे पाणी वर-खाली करतो, तेच पाणी आपल्या शेताचं दार लावतं आणि उघडतं.

गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजनं आहेत असं सांगतात. मांडवी, झुवारी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठची, भरतीच्या पातळीपेक्षाही खाली असलेली जमीन. माझे आजोबा म्हणायचे, ही जमीन आपण नदीशी अर्धेलीनं कसतो. पावसाळ्याचे चार महिने भाताचे, म्हणजे आपले. कापणी झाली की खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी येते, शेवटे आणि चोणक हे मासे येतात. तो वाटा नदीचा, आणि तिच्या कृपेनं पुन्हा आपलाच. अर्धेलीत एकानं सगळं घ्यायचं ठरवलं की करार मोडतो.

आमचा करार मोडला तो श्रावणातल्या एका अमावास्येच्या उधाणाला. बांध आधीपासून कुरतडलेला होता. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं वेळीच बुजवली नव्हती. पूर्वी हे काम गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, बघायची. १९६४च्या कूळकायद्यानंतर ते हळूहळू कुळांच्या संघांकडे आलं, आणि बऱ्याच गावांत मग ते कुणाचंच राहिलं नाही. आमच्याकडेही तसंच झालं. रात्रीतून पाणी आत शिरलं आणि पोटरीवर आलेलं भात चार दिवसांत पिवळं पडलं.

दुरुस्तीला आलेल्या कंत्राटदारानं खाणीची लाल माती नि दगड ट्रकनं आणून भगदाडात ओतले. दोन दिवसांत काम उरकलं. पुढच्या उधाणाला तो भराव खचला. त्याचं कारण आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं: खाजनातली चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि आपल्या फटी आपणच बुजवते. डोंगरावरची भरड माती पाण्याबरोबर निघून जाते. मग आम्ही जुन्या रीतीनं सुरुवात केली. भांगाचे दिवस बघायचे, म्हणजे भरती कमी चढते. शेजारचाच चिखल थराथरानं रचायचा, मध्ये पेंढा आणि बांबू, नदीच्या अंगाला दगड. पाच भांग गेले त्यात.

आणि जमीन? तिला बरी करायचं काम आम्ही केलंच नाही. ते पावसानं केलं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात माती खणून ढेकळं उंच रचून ठेवायची, पहिले पाऊस त्यांतून झिरपताना मीठ विरघळवतात, आणि ओहोटीला मानस ते खारं पाणी नदीत परत सोडते. आमच्याकडे फक्त एवढंच होतं की मानशीची दारं नीट लागतात ना, हे बघत राहायचं. पहिल्या वर्षी नुसतं खारट गवत उगवलं. लोक म्हणाले, गेली जमीन, आता विका. ते शब्द मला अजून झोंबतात, कारण विकायला लावणारे नेहमी याच वर्षी येतात. तिसऱ्या पावसाळ्यात कोर्गूट पेरलं आणि ते उभं राहिलं. उंच, लाल दाण्याचं, मीठ सोसणारं आपलं जुनं भात. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेनं याच कोर्गुटातून निवड करून ‘गोवा धान-१’ आणि ‘गोवा धान-२’ ही वाणं काढली आहेत. म्हणजे आपल्या पणज्यांनी जपलेलं बी प्रयोगशाळेलाही उपयोगी पडलं.

एक वाद मात्र मिटलेला नाही. फुटलेल्या खाजनात तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडं भराभर वाढतात. काही जण म्हणतात तोडा, काही म्हणतात हात लावू नका. मला वाटतं, दोघांनाही जागा आहे. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला खारफुटी हवीच. लाटेचा जोर तीच मोडते, तिच्या मुळांत पिल्लं वाढतात. आत ती शिरू नये म्हणून बांध वेळेवर बघायचा. कोयता चालवायची पाळी आली, म्हणजे आपण आधीच उशीर केलेला असतो.

डिचोली, सत्तरी, सांग्याकडचे श्रोते म्हणतील, बाई, तुमच्याकडे निदान चिखल तरी आहे, आमच्याकडे खाणीच्या मातीचे डोंगर आहेत. खरं आहे. ती माती खोलातून वर आलेली, तिच्यात कुजका पाला नाही, पावसात ती खालच्या शेतांत येऊन बसते. अशा ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की लवकर हिरवं दिसतं. ती हवेतलं नत्र मातीत आणते, हेही खरं. पण तिचा पाला सावकाश कुजतो, आणि त्याखाली इतर झाडं जपून जपूनच येतात. तिथंही आधी पाणीच सांभाळायला हवं: उतारावर आडवे चर, त्यांच्या काठानं वाळा, मग करंज, धायटी, कुडा. एक झाड थोडं वाढलं की त्यावर पक्षी बसतो, आणि पुढचं बी तो टाकतो. दर वेळी रोपं आपणच आणायला हवीत असं नाही.

येत्या भांगाला आम्ही पुन्हा बांधावर जमणार आहोत. पश्चिमेकडच्या कोपऱ्यात कुर्ल्यांची बिळं दिसली आहेत, आणि मानशीचं एक दार थोडं अडतंय. तुमच्या गावात मानस असेल तर या आठवड्यात ओहोटीच्या वेळी जाऊन तिच्यासमोर उभे राहा. दार पूर्ण उघडतंय का, ते बघा.