आधी रक्त, मग स्कॅन

[दृश्य: लॅबचा रिपोर्ट, अगदी जवळून.]

कॅल्शियम ११.२. शेजारी वर तोंड केलेला छोटासा बाण.

रिपोर्ट बहुधा दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेला असतो. मूतखडा झाला म्हणून, नाहीतर नेहमीची तपासणी म्हणून. 'पुन्हा बघू' असं म्हणून कागद फाइलमध्ये जातो, आणि हायपरपॅराथायरॉइडिझमचं, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडतात त्या आजाराचं, निदान लांबायला सुरुवात होते ती इथेच.

गळ्यात थायरॉइडच्या मागे साधारणपणे चार ग्रंथी असतात. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक, वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. नाव पॅराथायरॉइड, पण थायरॉइडच्या कामाशी यांचं काही देणंघेणं नाही, नुसता शेजार. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून आणतं आणि लघवीवाटे जाणारं अडवतं. कॅल्शियम चढलं की ग्रंथींनी गप्प बसायचं.

म्हणून कॅल्शियमचा आकडा एकटा वाचायचा नाही. त्याच वेळी पीटीएचही मोजायचं. कॅल्शियम चढलेलं असताना ते तळाला जायला हवं. तेही वर असेल, तर एखादी ग्रंथी ऐकेनाशी झाली आहे. फसगत होते ती पीटीएच 'नॉर्मल' छापून येतं तेव्हा. एवढ्या कॅल्शियमला नॉर्मल पीटीएच हे नॉर्मल नव्हेच, पण रिपोर्टवर तसा बाण नसतो.

एक तपासणी कंटाळवाणी, तरी टाळू नये अशी: २४ तासांची लघवी. काही घराण्यांत जन्मतःच कॅल्शियम थोडं चढं असतं आणि लघवीत फारच कमी उतरतं. तिथे ग्रंथी काढायला गळा उघडून काहीच साधत नाही.

[दृश्य: सेस्टामिबी स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून घेतलेलं चित्र. करड्या पटावर एक काळा ठिपका.]

स्कॅनची पाळी यानंतर. स्कॅन आजार सांगत नाही, बिघडलेल्या ग्रंथीतल्या गाठीचा पत्ता सांगतो. स्कॅन कोरा आला म्हणून निदान रद्द होत नाही.

पत्ता चुकला की काय होतं, हे चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाने भोगलं. हाडं विरत गेली, उंची ७ इंचांनी घटली. १९२६ पासून मानेत पुन्हापुन्हा शोध झाला, गाठ सापडेना. १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, ती छातीत सापडली. गर्भात खालच्या दोन ग्रंथी थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर उतरत येतात. एखादी थांबायचं ठिकाण चुकते आणि थेट छातीत जाते. मार्टेल मात्र त्यानंतर काही आठवड्यांतच गेले. तेव्हा स्कॅन नव्हता, आणि पीटीएच मोजायची सोय तर १९६३ पर्यंत झाली नव्हती.

आज ऑपरेशन टेबलवरच उत्तर मिळतं. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं. गाठ काढून १० मिनिटांनी रक्त घ्यायचं; आकडा निम्म्याहून खाली आला नाही, तर आणखी एखादी ग्रंथी बिघडलेली असू शकते.

बहुतेकांची गाठ साधी निघते, अॅडिनोमा. कर्करोग शंभरात एकालाही नसतो, पण शंका आधीच यायला हवी. कॅल्शियम १४ च्या वर, पीटीएच कित्येक पटींनी चढलेलं, मानेत हाताला लागणारी टणक गाठ, बसलेला आवाज. घरात कुणाच्या जबड्यात गाठ झाली होती का, हेही विचारावं. सीडीसी७३ नावाच्या जनुकातला दोष दोन्हीकडे दिसतो.

इतर गाठींच्या बाबतीत डॉक्टर आधी सुई टोचून पेशी पाहतात. इथे ते टाळतात. सुईच्या वाटेवर पेशी सांडू शकतात, आणि पेशी पाहूनही साधी गाठ आणि कर्करोग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे शंका असेल तर सर्जन गाठ न फोडता, चिकटलेल्या भागासकट अखंड काढतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शक. गुलाबी-जांभळी स्लाइड.]

पॅथॉलॉजिस्ट कडेकडेने सरकत जातात. पेशींच्या रूपापेक्षा त्या कुठवर घुसल्या आहेत, हे त्यांना बघायचं असतं; कर्करोग ओळखायचा तो त्यावरूनच. इथे गाठीचं आवरण शाबूत आहे. इथेही. पुढच्या स्लाइडवर, आवरणाबाहेरच्या एका बारीक रक्तवाहिनीत, आतल्या भिंतीला धरून बसलेला पेशींचा पुंजका. लेन्स तिथे थांबते.