रिमोट डेस्कटॉप: पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही

आज विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपपुरतंच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून एखादं मशीन वापरण्याच्या सोयीपुरतंच बोलू, आणि त्यातही खाती आणि पासवर्ड एवढंच. पहिला नियम: एका माणसाला एक खातं. ‘ऑफिस’ नावाचं एकच खातं पाच जणांत वाटलं की नोंदींमध्ये पाचही जण एकच दिसतात, आणि एक जण गेला की उरलेल्या चौघांना नवा पासवर्ड पाठ करावा लागतो.

खातं उघडताना ते ॲडमिनिस्ट्रेटर्स, म्हणजे मशीनवर पूर्ण अधिकार असलेल्या गटात टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण त्या गटाला बाहेरून येण्याची परवानगी मुळातच असते. तसं करू नका. साधं खातं उघडा आणि त्याचं नाव ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ गटात घाला, काम भागतं. विंडोजच्या होम आवृत्तीवर मात्र बाहेरून कुणालाच येता येत नाही, तिथे खटपट व्यर्थ आहे.

पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज बाहेरून आत घेत नाही. ती अट सैल करता येते, पण करू नये. पिनही इथे चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर ईमेल आणि पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो. आता गंमत अशी, की माणूस त्या मशीनवर कायम पिननेच आत जात असेल, तर त्याचा पासवर्ड मशीनला कदाचित माहीतच नसतो. अशा वेळी प्रत्यक्ष मशीनसमोर बसून एकदा पासवर्डने लॉगिन करावं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती एका चांगल्या हेतूने केलेल्या खुणेमुळे: ‘पुढच्या लॉगऑनला पासवर्ड बदलणे आवश्यक’. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे एनएलए, चालू असताना पडदा दिसण्याआधीच माणसाची ओळख तपासली जाते. मग पासवर्ड बदलण्याची खिडकी येणार कुठे? माणसाला फक्त नकार मिळतो. पासवर्डची मुदत संपली तरी हेच होतं, आणि विंडोजमध्ये ही मुदत मुळात ४२ दिवसांची ठेवलेली आहे. यावर काही जण एनएलएच बंद करतात. हा उपाय वाईट. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा एनएलए चालू असलेल्या मशीनवर हल्लेखोराला आधी वैध खातं लागत होतं. तेवढा अडसर तरी होता. त्यापेक्षा ती खूण काढा, लांब तात्पुरता पासवर्ड द्या आणि आत आल्यावर कंट्रोल-आल्ट-एंड दाबून बदलायला सांगा. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं तर ते साधारणपणे स्वतःच्याच संगणकाला लागतं.

आता खातं लॉक होण्याबद्दल. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटं बंद होतं. पण ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं नेटवर्कवरचं दार, थेट इंटरनेटवर उघडं असेल, तर परके प्रोग्राम खात्यांची नावं आणि पासवर्ड अंदाजाने ठोकत राहतात आणि बंद पडतं ते तुमच्याच माणसाचं खातं. पोर्टचा आकडा बदलल्याने नोंदींतला गोंगाट कमी होतो, इतकंच. मशीन व्हीपीएनच्या, म्हणजे आधी ओळख पटवून आत घेणाऱ्या खासगी जोडणीच्या मागे ठेवा.

कधी कधी दोषी आपलाच लॅपटॉप असतो: पासवर्ड बदलला, पण क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड जपून ठेवतं तिथे, जुनाच साठवलेला. तिथली ती नोंद पुसा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ज्या मशीनवर जायचं त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिक्युरिटी लॉगमधली ४६२५ क्रमांकाची, फसलेल्या लॉगिनची नोंद उघडा. त्यातल्या कोडच्या शेवटी २३४ असेल तर खातं लॉक आहे, २२४ म्हणजे पासवर्ड बदलणं बाकी, ०७१ म्हणजे मुदत संपलेली. समोरच्याला पडद्यावर हे बारकावे बहुधा दिसत नाहीत, म्हणून तो ‘पासवर्ड चालत नाही’ एवढंच सांगतो.

कुणी काम सोडून गेलं तर खातं लगेच बंद करा, पण पुसू नका. फायलींची मालकी त्याच्या नावावर असते. आणि खातं बंद केल्याने चालू असलेलं सत्र तुटत नाही. टास्क मॅनेजरच्या यूजर्स टॅबमध्ये जाऊन ते वेगळं साइन-आउट करावं लागतं.