चार आवाजांचं यंत्र: जुन्या गेम बॉयचं वाद्य करताना

(दृश्य: राखाडी गेम बॉय टेबलावर पालथा ठेवलेला. शेजारी सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, वायरचे तुकडे.)

एप्रिल १९८९. निन्टेन्डोने जपानमध्ये गेम बॉय विकायला आणला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट रंगाच्या चार छटा, आणि वीज चार पेन्सिल सेलची. मॉडेलचं नाव डीएमजी-०१. विकलं गेलं ते खेळणं म्हणून, पण याच्या प्रोसेसरच्या चिपमध्येच आवाज तयार करणारे चार स्वतंत्र चॅनल आहेत. गाणं आधी रेकॉर्ड करून ते वाजवायचं, असं हे यंत्र करत नाही. प्रत्येक सूर ते त्या क्षणी घडवतं, म्हणून त्याला वाद्य म्हणायचं.

पहिले दोन चॅनल चौकोनी लहरीचे. लहर किती वेळ वर राहते त्याचे चार पर्याय आहेत: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. ५० टक्क्यांचा आवाज पोकळ आणि गोल. १२.५ टक्क्यांचा आवाज नाकातला, सनईच्या अंगाने जाणारा. २५ आणि ७५ एकेकटे ऐकले तर कानाला सारखेच लागतात. तिसऱ्या चॅनलला लहरीचा आकार आपण द्यायचा: ३२ नमुने, प्रत्येकी ४ बिटचे, म्हणजे अवघे १६ बाइट. बास इथूनच निघतो. चौथा चॅनल खरखरीचा. हाय-हॅट, स्नेअर, वारा, स्फोट, सगळं त्यातलं.

(दृश्य: पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकड्यांचे स्तंभ. बोटं बटणांवर.)

हे चॅनल आपल्या मर्जीने वाजवायला प्रोग्रॅम लागतो. १९९८मध्ये जर्मनीतल्या हँबर्गमध्ये ओलिव्हर विटशो यांनी नॅनोलूप लिहिला. १६ घरांची चौकट, एकेका घरात एकेक सूर. २००० साली स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचा लिटल साउंड डीजे आला. सगळे त्याला एलएसडीजे म्हणतात. त्यात १६ पायऱ्यांची एक फ्रेज, फ्रेज जोडून चेन, आणि चेन चार चॅनलवर मांडल्या की गाणं. आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचे, असतात. पडद्यावर १० दिसले तर ते १६ आहेत, हे पहिल्या दिवशी पाठ करावं. लय ग्रूव्हच्या पानावर ठरते. प्रत्येक पायरीला ६ टिक (यंत्राचे बारीक ठोके) ही मूळ चाल. तिथे ८ आणि ४ लिहिले की तीच धून झुलत चालायला लागते. तबल्यावर लग्गी ऐकलेल्या माणसाने या पानावर भरपूर वेळ घालवावा. यंत्रातली सगळ्यात जिवंत जागा तीच आहे.

प्रोग्रॅम फ्लॅश कार्ट्रिजमध्ये (संगणकावरून हवा तो प्रोग्रॅम भरता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये) भरला, हेडफोनच्या जॅकमधून वायर मिक्सरला दिली, की वाजवता येतंच. मग बदल कशासाठी? हेडफोनच्या वाटेवर एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे. तो कानात घालायच्या हेडफोनसाठी बनवलेला. मोठ्या स्पीकरवर त्याची सळसळ ऐकू येते आणि खालचा बास पातळ होतो. म्हणून सिग्नल त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच, आवाजाच्या चाकापाशी उचलायचा. या बदलाला प्रोसाउंड म्हणतात. एकच बदल करायचा असेल तर हाच करावा. बाकी सगळे नंतर.

(दृश्य: मागचे स्क्रू काढताना जवळून.)

सेल आणि कार्ट्रिज आधी काढा. मागे सहा स्क्रू आहेत, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात. बहुतेक यंत्रांत त्यांची खाच तीन पाकळ्यांची असते. त्यासाठी ट्राय-विंग बिट घ्या. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावलात तर खाच झिजते आणि मग स्क्रू ड्रिलने फोडावा लागतो. कवचाचे दोन भाग झटक्याने ओढू नका. दोन्ही सर्किट बोर्ड एका चपट्या रिबन केबलने जोडलेले आहेत. पुस्तकासारखं हळूच उघडा, केबल मागच्या बोर्डाच्या सॉकेटमधून सरळ बाहेर ओढा. तिरकी ओढली तर तिचे कोपरे दुमडतात. पुन्हा बसवताना ती वाकडी गेली तर पडदा कोरा राहतो किंवा बटणं चालत नाहीत. "बोर्ड जळला" असं ठरवण्याआधी केबल पुन्हा बसवून बघा.

आवाजाचं चाक उजव्या कडेला आहे. ते दुहेरी पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून बदलणारा रोध, आहे: डाव्या आवाजासाठी एक, उजव्यासाठी एक. आपल्याला तीन जागा हव्यात: डावा, उजवा आणि ग्राउंड. कुठलं चित्र बघून थेट सोल्डर करू नका, आधी मोजा. मल्टिमीटर कंटिन्यूटीवर लावा, एक टोक सेलच्या ऋण पट्टीला धरा. ज्या पायावर बीप वाजते तो ग्राउंड. उरलेल्यांपैकी सिग्नल आत येणारे पाय ओळखायला चाक फिरवा. ग्राउंडपासूनचा रोध ज्या पायावर चाकाबरोबर बदलतो तो मधला पाय, तो नको. ज्यावर तो जवळपास स्थिर राहतो, ते आपले. इथून घेतलेला आवाज चाकाने कमीजास्त होत नाही, तो नेहमी पूर्ण येतो. मिक्सरचा गेन खाली ठेवूनच वायर लावा.

वायर २६ ते ३० गेजची, मऊ, शक्यतो जाळीची. ती जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. दोन्ही टोकांना केली तर वर्तुळ होतं आणि त्यातून गुणगुण शिरते. लांबी गरजेपेक्षा दोनतीन सेंटिमीटर जास्त, त्याहून नको. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, सोल्डर ६०/४०. टोक दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. तापल्यावर तांब्याची चकती बोर्डापासून सुटते आणि मग दुरुस्ती अवघड होते. वायरला आधी सोल्डरचा थर द्या, पायालाही किंचित द्या, मग दोन्ही भिडवा. शेजारच्या दोन पायांत सोल्डरचा पूल तयार झाला तर डावा-उजवा एक होतात आणि स्टीरिओ जातो. प्रत्येक जोडानंतर मल्टिमीटरने तपासा.

(दृश्य: कवचाच्या कडेला भोक पाडताना, प्लॅस्टिकची भुकटी.)

जॅकसाठी जागा बघताना कवच बंद केल्यावर आत काय येतं ते पाहा. बाहेरून मोकळी दिसणारी जागा आत बोर्डाने किंवा खांबाने व्यापलेली असते. ३.५ मिलिमीटरचा स्टीरिओ जॅक कुठेही मावतो. मंचावर वाजवणाऱ्यांनी दोन आरसीए सॉकेट बसवावेत, कारण ओढाताणीत ते टिकतात. भोक आधी २ ते ३ मिलिमीटरचं, मग टप्प्याटप्प्याने मोठं. ड्रिल हळू चालवा. वेगाने प्लॅस्टिक वितळून बिटला चिकटतं किंवा कडेला तडा जातो. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीने.

एक काळजी आणखी. आउटपुटवर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून बघा. स्थिर व्होल्टेज दिसलं तर दोन्ही वायरींत एकेक १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घाला, धन टोक गेम बॉयकडे. मिक्सरचा इनपुट १० किलोओहमचा धरला तर दीड हर्ट्झच्या आसपासचे आणि त्याखालचेच सूर कापले जातात, त्यामुळे बासला धक्का लागत नाही.

इतकं करूनही बारीक शीळ राहिली, तर ती बहुतेक आतल्या वीजपुरवठ्याच्या छोट्या बोर्डातून येते. पडद्यावरचं चित्र बदललं की शीळही बदलते, ही खूण. त्या बोर्डावरचे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले की बऱ्याचदा फरक पडतो. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मंचावर आणूच नका, सेल वापरा.

आणि वाजवताना यंत्र मध्येच रीसेट होत असेल तर आधी वरचा पॉवरचा खटका तपासा. तीस वर्षांच्या गंजाने त्यात रोध वाढतो आणि प्रोसेसरला ५ व्होल्ट पुरेसे पोचत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब टाकून, सेल काढलेले असताना, खटका वीसतीस वेळा मागेपुढे करा. सेलच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी साय असेल तर कापसाला व्हिनेगर लावून पुसा, नंतर अल्कोहोलने कोरड्या करा.

(दृश्य: अंधारात निळ्या उजेडाचा पडदा.)

मूळ पडद्याला स्वतःचा उजेड नाही. अंधाऱ्या सभागृहात आकडे दिसत नाहीत, म्हणून मागून उजेड द्यायचा. काचेच्या मागे चंदेरी परावर्तक आणि ध्रुवक फिल्म (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणारी) चिकटवलेली असते. ब्लेड सपाट धरून एका कोपऱ्यातून ती उचला आणि एकसारख्या, संथ ताणाने सोला. घाई केली तर काच तडकते. उरलेला गोंद अल्कोहोलने पुसा, पण कडेपाशी ओघळ जाऊ देऊ नका. तिथे पडद्याचे जोड आहेत. तळाची पट्टी ताणली गेली तर उभ्या रेघा गायब होतात. अशा वेळी त्या पट्टीवरून कमी तापलेलं आयर्न हलक्या हाताने फिरवलं की जोड पुन्हा धरतात.

मग उजेडाचं पॅनल आणि नवी ध्रुवक फिल्म. पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो, बोर्डावर ५ आहेत, उरलेल्या १.८ व्होल्टसाठी १०० ओहमचा रोध लावला की १८ मिलिअँपिअर वाहतात. रोध न लावता जोडला तर एलईडी मरतो. फिल्म ९० अंशांत फिरली तर चित्र उलटं दिसतं, काळ्यावर उजळ. काहीजण मुद्दाम तशीच बसवतात आणि पडद्याला जाणाऱ्या दोन डेटा वायरी ७४एचसी०४ या चिपमधून उलटवतात. दोनदा उलटल्यावर चित्र सरळ होतं आणि कॉन्ट्रास्ट आधीपेक्षा गडद मिळतो.

(दृश्य: बोर्डावरचा चकचकीत क्रिस्टल. शेजारी छोटी चिप आणि पोटेन्शिओमीटर.)

आता पट्टी, म्हणजे सुरांची उंची. गेम बॉयचा क्रिस्टल, म्हणजे त्याचं घड्याळ, ४.१९४३०४ मेगाहर्ट्झचा, आणि सगळे सूर त्यालाच भागून निघतात. चौकोनी चॅनलचं सूत्र: १३१०७२ भागिले (२०४८ वजा रजिस्टरमधला, म्हणजे चिपमधल्या त्या चॅनलच्या कप्प्यातला, आकडा). १७५० लिहा, भागायला २९८ उरतात, सूर ४३९.८ हर्ट्झ. इथे आकडा एकाने वाढवला तर सूर सुमारे ६ सेंट चढतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). पण २००० लिहिलं तर भागायला ४८च उरतात आणि पुढची पायरी ३६ सेंटांवर. प्रमाण श्रुती २२ सेंटांच्या आसपास असते. म्हणजे अगदी वरच्या सुरांत हे यंत्र श्रुतीएवढंही सरकू शकत नाही, मींड तिथे पायऱ्या पाडते. रागाचं काम करायचं तर मंद्र आणि मध्यात करावं.

क्रिस्टल काढून एलटीसी१७९९ ही चिप लावली की सगळी पट्टीच एका चाकाने फिरते. भागाकाराची पिन ग्राउंडला जोडा. मग २३.८ किलोओहमवर जवळपास मूळ वेग मिळतो. १२ किलोओहमचा स्थिर रोध आणि त्यापुढे ५० किलोओहमचं चाक जोडलं तर वरचं टोक ८.३ मेगाहर्ट्झ आणि खालचं १.६ मेगाहर्ट्झ. पुरवठ्याजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. अर्धा स्वर चढवायला सुमारे ४.४४ मेगाहर्ट्झ लागतात. सोबतीची हार्मोनिअम ४४०वर नसेल तर याच चाकाने मिळवून घ्या. मात्र पट्टीबरोबर लयही बदलते, दोन्ही एकाच घड्याळावर आहेत. दुप्पट वेगाच्या आसपास यंत्र गोठू शकतं. अगदी खाली पडदा लुकलुकतो, कारण चित्र सेकंदाला साठऐवजी तेवीस वेळाच उमटतं. घड्याळ पूर्ण थांबलं तर पडद्यावर काळी आडवी रेघ येते. ती दिसताच बंद करा, तशा अवस्थेत पडदा खराब होतो. क्रिस्टल आणि चिप यांच्यात खटका ठेवणार असाल तर तो यंत्र बंद असतानाच हलवा.

दोन गेम बॉय एका लयीत चालवायला लिंक केबल (दोन यंत्रं जोडणारी वायर) पुरते. कीबोर्ड किंवा संगणक जोडायचा तर अर्डुइनोबॉय लागतो: ५ व्होल्टचा अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), ६एन१३८ ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पोचवणारी चिप), काही २२० ओहमचे रोध आणि अर्धी कापलेली लिंक केबल. एमजीबी हा प्रोग्रॅम टाकला की गेम बॉय चक्क मिडीवर, म्हणजे वाद्यांमधल्या डिजिटल संकेतांवर, चालतो. केबलच्या आतल्या वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. स्वस्त केबलांत रंग वेगळे असतात आणि काही वायरी नसतातच. कापण्याआधी सहाही पिना मोजून कागदावर लिहा. रोध, जॅक, चिपा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. ट्राय-विंग बिट, ध्रुवक फिल्म आणि पॅनल मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं.

(दृश्य: कार्ट्रिज उघडलेलं, आत नाण्याएवढा सेल.)

एलएसडीजेची सगळी गाणी १२८ किलोबाइटच्या मेमरीत राहतात. अनेक कार्ट्रिजमध्ये ती मेमरी एका बटण सेलवर जगते. सेल संपला की गाणी गेली. सेल बदलताना, यंत्र चालू असताना कार्ट्रिज ओढल्यावर, किंवा पेन्सिल सेल उतरत आलेले असताना सेव्ह केल्यावरही ती जातात. प्रत्येक कार्यक्रमाआधी ताजे सेल घाला. कार्ट्रिज रीडरने सेव्ह फाइल संगणकावर उतरवा, तारीख घालून ठेवा, आणि ती १,३१,०७२ बाइटची भरते का ते बघा. कमी भरली तर कार्ट्रिजच्या पट्ट्या अल्कोहोलने पुसून पुन्हा उतरवा.