ताफ्यातली शेवटची गाडी: स्पोर्ट्स कार क्लबची सहल नेमकी कशी आखतात

नमस्कार. आज मी नेरूळमधून बोलते आहे आणि माझ्या मागे जी दोन आसनांची, छप्पर उघडणारी बीएमडब्ल्यू झेड-फोर उभी दिसते आहे, ती माझीच आहे. बारा वर्षांची झाली आहे, पण तब्येत ठणठणीत आहे. गेली काही वर्षे मी नवी मुंबईतल्या एका छोट्या स्पोर्ट्स कार क्लबच्या सहली आखते. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, रविवारी पहाटे तुम्ही सगळे मिळून करता तरी काय? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पाम बीच रस्त्यावर रात्री घुमणारा इंजिनाचा आवाज असतो आणि त्या आवाजाविषयीचा राग असतो. तो राग मला मान्य आहे, कारण वाशी ते बेलापूर या सरळ, रुंद रस्त्यावर वेगापायी झालेले अपघात इथे राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहेत. म्हणूनच नीट चालणाऱ्या क्लबचे काम कसे असते, हे आज सविस्तर सांगायचे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. ताफ्याचा वेग पुढची गाडी ठरवते असे पाहणाऱ्याला वाटते, पण प्रत्यक्षात ताफा सर्वांत मागच्या गाडीच्या वेगाने चालवावा लागतो. ज्या क्लबला हे उमगलेले नाही, त्याच्यासोबत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी अनुभवातून शिकले. पहिल्यांदा पुढे राहण्याची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा आम्ही अकरा गाड्या घेऊन जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीला निघालो होतो. पळस्पे फाट्याला हा रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग वेगळे होतात, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे तिथे थांबून मागे पाहण्याची गरज मला वाटली नाही. चौक गावाजवळ थांबले आणि मोजले, तर गाड्या आठच होत्या. उरलेल्या तिघी कर्नाळ्याच्या रस्त्याला लागल्या होत्या, पुढे पेणपर्यंत गेल्या आणि तिथून पेण-खोपोली रस्त्याने आम्हाला गाठण्यासाठी घाईघाईने निघाल्या. त्या घाईत एका गाडीने पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक पाहिलाच नाही आणि तिच्या पुढच्या बंपरखालचा सगळा भाग तुटून लोंबू लागला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. चालक नवीन होता, पण चूक त्याची नव्हती. पुढे असून मागे न पाहणारी मी होते, आणि त्या दिवसापासून आमच्या सहलीचा आराखडा बदलला.

आता त्या आराखड्यामागचे गणित पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. दोन गाड्यांमध्ये किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे म्हटले, तर ते ४४ मीटर होते. बारा गाड्यांमध्ये अशी अकरा अंतरे येतात आणि त्यात गाड्यांची स्वतःची लांबी मिळवली की ताफा अर्ध्या किलोमीटरहून लांब होतो. एवढा लांब ताफा कोणत्याही सिग्नलवर अखंड राहू शकत नाही, आणि तो अखंड ठेवण्याच्या हट्टापायीच मागचे लोक लाल दिवा ओलांडतात, ट्रकच्या बाजूने घुसतात आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतात. समजा मागची गाडी सिग्नलला अडकून एक किलोमीटर मागे पडली आणि पुढची मंडळी ८० च्या वेगाने चालतच राहिली. तर पाच मिनिटांत त्यांना गाठायला तिला ९२ चा वेग धरावा लागतो. त्याऐवजी पुढच्या गाडीने आपला वेग ६० वर आणला, तर मागच्या गाडीला ८० वरच राहून ते अंतर तीन मिनिटांत भरून काढता येते. म्हणजे मागच्याने वेगमर्यादा मोडायची की पाळायची, याचा निर्णय खरे तर पुढच्याच्या पायात असतो.

म्हणून आम्ही बारा गाड्यांचे सहा-सहाचे दोन गट करतो आणि त्यांना पाच मिनिटांच्या फरकाने सोडतो. पुढच्या गाडीला आम्ही लीड म्हणतो आणि शेवटच्या गाडीला स्वीप. सर्वांत नवा चालक लीडच्या लगेच मागे असतो, कारण तिथे त्याला रस्ता शोधावा लागत नाही आणि मागे पडण्याची भीतीही राहत नाही. स्वीपला मात्र क्लबमधला सर्वांत जाणता आणि शांत डोक्याचा माणूस बसतो. त्याच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, हवा भरण्याचा पंप, गाडी ओढण्याचा पट्टा आणि सगळ्यांच्या घरचे दूरध्वनी क्रमांक असतात. फाट्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचे नाही, सुरक्षित जागा पाहून इंडिकेटर देऊन थांबायचे, हा नियम प्रत्येकाला लागू आहे. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एकाची काळजी घेतली तरी कोणीच हरवत नाही. लीड आणि स्वीप यांच्याकडे वॉकी-टॉकी असतात. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात, पण विकत घेताना तो संच याच पट्ट्यातला आहे ना, हे नीट तपासून घ्या.

आता गाडीकडे या. हा टायर जवळून पाहा. इथे या लहानशा लंबवर्तुळात चार आकडे कोरलेले आहेत: २३२१. याचा अर्थ हा टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. स्पोर्ट्स कारचे मालक गाडी फारशी चालवत नाहीत, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र आतून कडक होऊन गेलेले असते. निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येक टायरचे हे आकडे वाचतो आणि भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आहेत का, ते बोट फिरवून पाहतो. हवा गाडी गार असतानाच मोजायची, कारण धावल्यावर दाब आपोआप वाढतो. उन्हाळ्यात लांबच्या द्रुतगती रस्त्यावर जाताना हवा थोडी कमी ठेवावी, असे पुष्कळ लोक अजून सांगतात. ते धोकादायक आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याने तो जास्त तापतो आणि फुटण्याची शक्यता उलट वाढते. आणखी एक गोष्ट म्हणजे अशा पुष्कळ गाड्यांत जादा चाकच नसते. काहींत रन-फ्लॅट टायर असतात, ते हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटरपर्यंत नेतात. काहींत केवळ छिद्र बुजवण्याचे द्रावण आणि छोटा पंप मिळतो. आपल्या गाडीत यातले काय आहे, हे माहीत नसलेले सदस्य मी अनेक पाहिले आहेत.

गतिरोधक हा तर आमच्या बैठकांतला कायमचा विषय. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण रस्त्यावरचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट आणि गोलाकार असायला हवा, जेणेकरून ताशी २५ किलोमीटरने तो सहज ओलांडता येईल. गावोगावी दिसणारे उभट, आखूड उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत. कमी उंचीची गाडी त्यावरून सरळ नेली की पोट घासते, म्हणून ती किंचित तिरकी करून एकेक चाक चढवत न्यावी लागते, आणि त्यासाठी मागून येणाऱ्याने अंतर सोडावे लागते. याच कारणासाठी सहलीच्या आधी आमच्यातला एकजण साध्या, उंच गाडीने पूर्ण रस्ता पाहून येतो आणि प्रत्येक गतिरोधक, खोदकाम व पेट्रोलपंप यांची नोंद करतो.

रस्ते कोणते निवडतो, असेही विचारले जाते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईकरांना भिवंडीजवळून थेट त्यावर चढता येते आणि कसारा घाटाऐवजी सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून इगतपुरी गाठता येते. रस्ता देखणा आहे यात शंका नाही. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू पेंगू लागतो, म्हणून आम्ही तिथे दर तासाला थांबा ठेवतो. अटल सेतूवर, ज्याचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि जो २१.८ किलोमीटर लांब आहे, छायाचित्रांसाठी थांबायचे नाही हे आम्ही प्रत्येक वेळी बजावतो. तिथे थांबण्यास बंदी आहे आणि मोटारींना मर्यादा १०० ची आहे. मला स्वतःला विचाराल, तर पनवेल, चौक, खालापूर, खोपोली हा जुना रस्ता सर्वांत आवडतो. वेग कमी, वळणे भरपूर आणि पावसाळा नुकताच सरलेला असेल तर दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाकडून वेग आवरून घ्यावा. सतत ब्रेक दाबून ठेवले की ते तापतात, जळका वास येऊ लागतो आणि मग ऐन वळणावर पकड सुटते. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते वेळच्या वेळी बदलायलाच हवे.

पहाटेच्या आवाजाबद्दलही बोलले पाहिजे. गार इंजिन सुरू होताच काही क्षण मोठ्याने गुरगुरते, कारण धूर शुद्ध करणारे यंत्र लवकर तापावे म्हणून इंजिनाचे फेरे मुद्दाम वाढवलेले असतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे आमच्याकडे गाडी सुरू केली की लगेच आणि हळू बाहेर काढायची, सोसायटीच्या आवारात अॅक्सिलरेटर दाबायचा नाही आणि जमण्याची जागा इमारतींपासून दूर ठेवायची, असा दंडक आहे. आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सर बदललेल्या गाड्यांना आम्ही सहलीत घेत नाही.

मग वेगाची हौस भागवायची कुठे? सार्वजनिक रस्त्यावर नक्कीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्ष आणि १०,००० रुपयांपर्यंत. ज्यांना खरोखर वेगाने चालवायचे आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा इथे बंदिस्त ट्रॅक आहेत. वर्षातून एकदा चार-पाच जण मिळून जातात. इथल्या इथे आम्ही परवानगी घेऊन मोकळ्या मैदानात शंकू मांडतो आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाशी स्पर्धा करते.

त्याहून मला प्रिय आहे ती वेळ, वेग आणि अंतर यांची रॅली. यात सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. समजा १२ किलोमीटरचा टप्पा ताशी सरासरी ३६ ने पार करायचा आहे, तर बरोबर विसाव्या मिनिटाला नोंदीच्या ठिकाणी हजर व्हायचे. उशीर झाला तरी गुण जातात आणि लवकर पोहोचलात तरी जातात. माझे वडील बँकेतून निवृत्त झाले आहेत. ते शेजारी बसून, मांडीवर मार्गपुस्तिका घेऊन पेन्सिलीने सेकंद मोजतात आणि "जरा हळू, बाळा, आपण चौदा सेकंद पुढे आहोत" असे म्हणतात, तेव्हा गाडी चालवण्याचे खरे समाधान मिळते. मात्र विम्याकडे लक्ष द्या. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि अशा चाचणी-स्पर्धा वगळलेल्या असतात, त्यामुळे सहभागी होण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

पावसाळ्यात आम्ही लांब जात नाही. त्या महिन्यांत कोणाच्या तरी गाडीखाली वाकून जॅक कुठे लावायचा, ओढण्याचा हूक कुठे फिरवून बसवायचा, हे सदस्यांना शिकवतो. नव्यांनी यावे ते याच काळात.

आता पुढच्या सहलीत मी स्वीप आहे. सकाळी साडेपाचला जमायचे, पंधरा मिनिटे सूचना, मग निघायचे. परतल्यावर लीडचे काम संपते, माझे मात्र चालूच राहते. प्रत्येकाचा "घरी पोहोचलो" असा संदेश येईपर्यंत मी वही घेऊन बसते आणि नावापुढे खूण करत जाते. मागच्या वेळी अकरा खुणा झाल्या होत्या आणि बारावी होत नव्हती. फोन केला, तर तो सदस्य आपल्या आईला गाडीत बसवून सीवूड्सला आइस्क्रीम खायला गेला होता. संदेश आला, मी बारावी खूण केली आणि मग जेवायला बसले.